पाहुणे माझे, हात तुझे

नागपूर
गुरुवार, २४ ऑक्टोबर २०२४

मंजू,

कागद पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझ्या चेतनाला मुलगी झाली. आठव्याच महिन्यात झाली म्हणून चार दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती, आता आईजवळ दिली आहे. दोघी बऱ्या आहेत. हे तुला भिंतीपलीकडून कळलंच असेल, कारण तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, फोनवर बोलतात तेव्हा तालुक्याच्या गोरेगावपर्यंत ऐकू जातं.

सहा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या तेरवीला मी अख्ख्या गावासमोर म्हटलं होतं की मंजूशी मरेपर्यंत बोलणार नाही. ती शपथ मी मोडलेली नाही आणि मोडणारही नाही. पण लिहिणार नाही असं काही मी म्हटलं नव्हतं. अंगणवाडीत वीस वर्षं रजिस्टरं भरली आहेत मी, काय म्हटलं आणि काय नाही म्हटलं ते माझ्या नीट लक्षात राहतं. तेव्हा याला बोलणं समजू नकोस.

काम असं आहे. आठ नोव्हेंबरला आपल्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. डॉक्टर म्हणाले, बाळाला सव्वा महिना इथून हलवायचं नाही. म्हणजे मी मंडईला घरी नाही. आपल्या नणंदबाई, रीताबाई, आणि जवाईबुवा त्यांच्या खुशीला घेऊन सहा तारखेला सडक अर्जुनीहून येणार आहेत. मी फोनवर रीताबाईंना सांगितलं की यंदा मी नाही, तर एका क्षणात म्हणाल्या, "मंग आम्ही धाकटीकडं उतरून जातो. तुम्ही टेंशन नका घेऊ, वहिनी."

टेंशन! लग्न झाल्यापासून एकवीस वर्षं रीताबाईंचा मंडईचा मुक्काम थोरल्या घरी आहे. सासूबाई असताना होता, वाटणी होऊन आंगणात भिंत उभी राहिली तेव्हाही होता. मुक्काम एकदा दुसऱ्या दारी गेला की परत येत नाही, हे मी माहेरी चिचगडला डोळ्यांनी पाहिलं आहे. माझी आत्या एका वर्षी काकांकडे उतरली. पुढच्या वर्षापासून आमच्या दारावरून जाताना नुसती विचारायची, "बरं आहे ना?" आणि पुढे जायची. आई हात पुसत दारात उभी राहायची. मी तशी उभी राहणार नाही.

म्हणून मी रीताबाईंना सांगितलं, मुक्काम माझ्याच घरी, सगळी व्यवस्था केली आहे. ती व्यवस्था म्हणजे तू. घर माझं, पाहुणे माझे, तांदूळ-डाळ-तेल माझं. फक्त हात तुझे. तुझ्या भासऱ्यांना चहापलीकडे काही येत नाही आणि चहाही ते काढ्यासारखा उकळतात, नाहीतर तुला सांगण्याची वेळ आली नसती.

हा कागद सेवकरामजवळ दिला आहे. तो सोमवारी आणि गुरुवारी शिंगाडे घेऊन इथल्या बाजारात येतो. नाही म्हणायचं असेल तर त्याच्याच हाती कागद परत पाठव. हो असेल तर काही लिहू नकोस. तू लिहिलंस तर मला उत्तर द्यावं लागेल.

रुख्मा


सोमवार, २८ ऑक्टोबर

मंजू,

कागद परत आला नाही. ठीक आहे. पण डिंकाचे लाडू पाठवायला तुला कुणी सांगितलं होतं?

सेवकरामनं शिंगाड्याच्या पोत्यातून डबा काढला आणि म्हणाला, "धाकट्या बाईनं देल्ला. म्हने, चेतनाले द्या." चेतनानं उभ्याउभ्या दोन खाल्ले. डोळे मिटून खाल्ले. मी इथं आल्या दिवशीच लाडू केले होते, जायफळ घालून, खोबरं भाजून. ते डब्यात तसेच आहेत. मी विचारलं, माझ्यात काय कमी आहे ग? तर म्हणाली, "कमी काही नाही आई, काकूचे मऊ असतात." बाळंतिणीला बोलायचं नसतं म्हणून गप्प बसले. चेतनाच्या यजमानांनाही एक दिला. ते म्हणाले, वा. माझ्या लाडवांना त्यांनी "छान" म्हटलं होतं. छान आणि वा यातला फरक बाईमाणसाला कळतो.

असो. संदुकीची किल्ली पाठवते आहे. पितळी ताटं त्यात आहेत. सासूबाईंच्या वेळची मोठी चार जवाईबुवांसाठी आणि घरच्या पुरुषांसाठी, बाकीची आपली साधी. चिंचेनं घास. घासतेसच तू, मला माहीत आहे. तुझी भांडी आंगणात वाळत असतात तेव्हा त्यांचं ऊन आमच्या छपरीत येतं.

दिवाळी तुमची कशी होते ते मी विचारणार नाही.

रुख्मा


सोमवार, ४ नोव्हेंबर

मंजू,

परवा दिवशी पाहुणे येतील. तू त्यांना लांबून ओळखतेस, मी जवळून. नीट वाच.

जवाईबुवांचा हायवेवर ढाबा आहे, हे ते तुला दहा वेळा सांगतील. प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं कर. ढाब्यावर दिवसभर दुसऱ्याचं जेवण तपासून त्यांची जीभ अशी झाली आहे की कुणाच्याही घरी गेले तरी ते जेवत नाहीत, परीक्षा घेतात. पहिला घास घेतला की छताकडे पाहतात. तेव्हा काही बोलायचं नाही. चहा एकदा परत पाठवतातच. तोच कप आत नेऊन, थोडा वेळ थांबून बाहेर आणायचा. मग म्हणतात, "हां, अब बना." एकवीस वर्षांत मी एकदाही दुसरा चहा केलेला नाही.

खाट छपरीत, डोकं पूर्वेला. आंघोळीचं पाणी पहाटे. गार वाटलं तर ते तुला सांगणार नाहीत, रीताबाईंना सांगतील, आणि रीताबाई तुला सांगतील, पण शेजारणीसमोर.

रीताबाईंचं असं आहे की त्या झाकणं उघडतात. घरात शिरल्या की पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघरात, आणि मग एकेक डबा. "वहिनी, हे कधीचं?" असं विचारतात. रागावू नकोस, माहेर म्हणून करतात. वरच्या फळीवरचा निळा डबा तेवढा आधीच तुझ्या घरी नेऊन ठेव. त्यात माझे काजू आहेत.

खुशीला मोबाईलला रेंज फक्त संडासाच्या भिंतीजवळ मिळते. तिथं खुर्ची ठेवून दे, नाहीतर ती ओल्यात उभी राहते आणि रीताबाई म्हणतात, या घरात पोरीला बसायला जागा नाही.

आता मुख्य गोष्ट. रीताबाई विचारतील, मोठ्या वहिनीनं सांगितलं म्हणून करून राहिलीस का? तू हो म्हणायचं. प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचं. भाजी मी सांगितली, ताटं मी काढायला लावली, खाट मी घालायला लावली. तुझ्या हातचं म्हणून काही असू नये. तू बारावी शिकलीस, मी नववी. एवढं तुला समजेल.

रुख्मा


गुरुवार, ७ नोव्हेंबर

मंजू,

पाहुणे पोचले, हे मला काल संध्याकाळी तुझ्या भासऱ्यांकडून कळलं. त्यांचा आवाज इतका आनंदी मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. माझी आठवण येऊन आनंदी झाले असतील असं वाटून मी विचारलं, जेवलात का?

"अवं, जेवलो म्हंजे काय! मंजूनं वांग्याची भाजी केली होती. जवाई तीनदा घेऊन राहिले. छताकडं पाहिलंच नाही त्यायनं. आन चहा वापस नाही केला."

मी म्हटलं, चहा वापस नाही केला?

"नाही ना. म्हने, भाभी, ढाबे पे आ जाओ, पार्टनर बना लेता हूँ. लय हासलो आम्ही. तू काऊन चूप बसली?"

मी काऊन चूप बसले! इथं दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बाळाची दुपटी वाळत घालते आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, आणि माझ्या घरात, माझ्या ताटांत, माझी माणसं हसताहेत. जवाईबुवा तीनदा वाढून घेतात ते मला माहीत नाही. माझ्याकडे ते दोनदाच घेतात.

मग रीताबाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, धाकटीनं किती मस्त ठेवलं घर, कोपरे कसे साफ झालेत. माझे कोपरे काय मळके होते? आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही असल्या तरी तिलेच बोलवा हो स्वयंपाकाले." चेतना समोर बसून हे सगळं ऐकत होती आणि लाडू खात होती. डबा अजून संपलेला नाही. किती पाठवलेस?

ते जाऊ दे. मी रागावलेली नाही. तू सांगितल्यासारखं केलंस, चांगलं केलंस.

उद्या मंडईचं जेवण. खरं जेवण तेच. दुपारी सगळे एकत्र बसतात, वाड्यातले सोयरे येतात, आणि तिथून दंडारीचा खेळ पाहायला जातात. चवळी रात्रीच भिजव, बरबटीचे वडे झाले पाहिजेत, ते सासूबाईंपासून आहे. आणि एक गोष्ट मी आधी लिहायची विसरले. वडे जवसाच्या तेलातच तळ. आपल्या धानाच्या बांदीतल्या जवसाचं, घाणीवरून आणलेलं तेल कोपऱ्यातल्या पिंपाजवळच्या डब्यात आहे. जवाईबुवांना त्या तेलाचा वास फार आवडतो. ढाब्यावर त्यांना ते मिळत नाही, म्हणून इथं आले की आशेनं बसतात. ते स्वतः बोलून दाखवणार नाहीत. सोयाबीनचं तेल अजिबात वापरू नकोस, भाजीलाही नको. आठवणीनं.

बाळ रडते आहे. सेवकराम खाली थांबला आहे.

रुख्मा


सोमवार, ११ नोव्हेंबर

मंजू,

झालं ते ऐकलं. फार वाईट वाटलं.

रीताबाईंचा फोन शनिवारी सकाळीच आला. शनिवारीच निघाले म्हणे, रविवारपर्यंत राहिले नाहीत. म्हणाल्या, "काय सांगू, वहिनी. धाकटीनं जवसाच्या तेलात वडे तळले. यायच्या नाकाले वास गेला तसं ताट सारलं अन् उठले. सगळी पंगत पाहून राहिली. मंडईत जाऊन उभ्यानं भजे खाल्ले यायनं." आणि मग म्हणाल्या, "तुमच्याबिगर त्या घराले चव नाही व. पुढच्या मंडईले तुम्ही असान तवाच येऊ."

मी म्हटलं, जाऊ द्या, तिला कुठं माहीत, घाईगडबडीत होतं असं. मी तुझीच बाजू घेतली, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

जवाईबुवांचं असंच आहे. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्यालाही त्यांनी असंच ताट सारलं होतं. सासूबाई रडायला लागल्या होत्या. तेव्हा मी पदर खोचला, पुन्हा चूल पेटवली आणि अर्ध्या तासात गरम पुऱ्या आणि आलूची भाजी त्यांच्यापुढे ठेवली. ती गोष्ट अजून सांगतात सगळे. तू तेव्हा नवी नवरी होतीस, तुला काय आठवणार. मी असते तर शुक्रवारीही तसंच केलं असतं. असायला हवं होतं मी.

तुझ्या भासऱ्यांनी रात्री सांगितलं की तुझे यजमान, चंद्रकुमार भाऊजी, पंगतीतच तुझ्यावर ओरडले. आणि स्वतः भासरेही ओरडले. मी विचारलं, मग ती काय म्हणाली? तर म्हणाले, "मी पुसलो तिले, कायले केलं तसं? तं म्हने, चुकलं. पदर धरून उभी राहिली. अजून कायी बोलली नाही."

माझ्या पत्राचं तू त्यांना काही सांगितलं नाहीस.

मी ऐकलं तेव्हा आधी मला हसू आलं, खोटं कशाला लिहू. रात्री चेतना म्हणाली, आई, आज तू दोनदा गाणं गुणगुणलीस. मग सकाळपासून बरं वाटेना. चहा घेतला तर नको वाटला. पित्त झालं असेल.

वडे उरले असतील तर गायीला घाल.

रुख्मा


सोमवार, १८ नोव्हेंबर

मंजू,

गुरुवारी तुझं पत्र मिळालं. सेवकरामनं दिलं तेव्हा मी पाय मोकळे करायला खाली उतरले होते. तिथंच, त्याच्या शिंगाड्याच्या ढिगाशेजारी उभी राहून वाचलं. तो म्हणाला, "बरं नाही का, बाई?" मी त्याला म्हटलं, दोन किलो दे. अजून शिंगाडे संपलेले नाहीत.

तुझं पत्र इथं पुन्हा उतरवते, कारण मला ते हातानं लिहून पाहायचं आहे.

"मोठ्याबाई, जवाईबुवांना जवसाच्या तेलाचा वास सोसत नाही, हे मला माहीत होतं. त्या पोळ्याला सासूबाईंनी त्याच तेलात वडे तळले होते आणि ते उठले होते. दुसऱ्यांदा चूल मी पेटवली होती. तुम्ही तापानं आतल्या खोलीत पडून होता. तुमच्या कपाळावरची पट्टी बदलायची, पुन्हा येऊन पुरी लाटायची, असं चाललं होतं माझं. ती गोष्ट तुम्ही तुमची म्हणून सांगता, ते मी भिंतीच्या इकडून ऐकते. सांगत जा, माझं काही जात नाही.

तुमचं गुरुवारचं पत्र वाचून मी जरा वेळ बसून राहिले. सोयाबीनच्या तेलात तळले असते तर जवाई खूश होऊन गेले असते आणि पुढच्या मंडईला माझ्याकडे उतरले असते. तुम्ही दारात उभ्या राहिल्या असता. एक भिंत आहे तेवढी पुष्कळ आहे, पाहुण्यांवरून दुसरी नको. म्हणून तुम्ही लिहिलं तसंच केलं. रीताबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की मोठ्या वहिनीबिगर घराला चव नाही. ते तुमच्या कानावर यावं एवढंच मला हवं होतं.

तुमचं ते पत्र परत पाठवते. इथं राहिलं तर भासऱ्यांच्या हाती लागेल. संदुकीची किल्लीही सोबत आहे. ताटं घासून ठेवली. काजूचा निळा डबा फळीवर परत ठेवला. चेतनाला आणखी लाडू हवे असतील तर कळवा. मंजू."

एवढंच. एक वाईट शब्द नाही. निदान एक शिवी तरी घालायचीस.

त्या पोळ्याचं मी दोन दिवस आठवून पाहिलं. ताप आठवतो. ओली पट्टी आठवते. चुलीसमोर बसल्याचं काही केल्या आठवत नाही. इतकी वर्षं मी ती गोष्ट इतक्या बायकांना सांगितली, अंगणवाडीच्या मॅडमना सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, की धूरसुद्धा माझ्याच डोळ्यांत गेला असं मला वाटायचं. आणि तू भिंतीपलीकडे भाजी निवडत ते ऐकत होतीस.

माझं गुरुवारचं पत्र मी चुलीत टाकणार होते, पण इथं चूल नाही. फाडायला घेतलं आणि थांबले. तू ते मला वाचवायला परत पाठवलंस, हेच मला सहन होईना. यातही तूच वरचढ? शनिवारी सकाळी मी रीताबाईंना फोन लावला आणि ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तीनदा वाढून घेतलं ते, माझ्या कोपऱ्यांचं ते, जवसाच्या तेलाचं ते. मध्ये चेतना येऊन उभी राहिली. मी थांबले नाही.

 रीताबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही? आन ती धाकटी बिचारी सगळ्यायच्या शिव्या खाऊन राहिली होती." मी म्हटलं, हो, मी. त्या म्हणाल्या, "मंग आयका. पुढच्या मंडईपासून आमचा मुक्काम धाकटीकडं. तुमच्या तेलाचा आमाले भरोसा नाही." आणि फोन ठेवला.

गेला मुक्काम. जो राखायला हे सगळं केलं, तो मी माझ्याच तोंडानं घालवला. पुढच्या वर्षी त्या माझ्या दारावरून जाताना "बरं आहे ना?" विचारतील आणि तुझ्या दारात शिरतील. मी छपरीत बसलेली असेन. आताच ते डोळ्यांसमोर येतं. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की मन हलकं होतं. काही हलकं होत नाही. जळते आहे मी, मंजू. कालही जळत होते, आजही जळते आहे.

तुझ्या भासऱ्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मी तिले सगळ्यायसमोर बोललो व." संध्याकाळी तुझ्या आंगणात येऊन गेले असतील. चंद्रकुमार भाऊजींना काय सांगायचं ते तेच सांगतील.

आता मूळ गोष्ट लिहिते, कारण पुन्हा लिहायची हिंमत होईल की नाही माहीत नाही. सासूबाईंच्या शेवटच्या दिवशी मी दुधाचा चमचा घेऊन त्यांच्या उशाशी उभी होते. त्यांनी मान फिरवली. तू आलीस, तुझ्या हातून त्यांनी तेच दूध घेतलं. मोठी सून मी, वीस वर्षं त्यांचं केलं मी, आणि शेवटचा घोट तुझ्या हातचा. तेरवीला मी म्हटलं की मंजूनं खाऊ घालून घालून म्हातारीला आपलंसं करून घेतलं. तुझा काही दोष नव्हता, हे मला ते म्हणतानाही माहीत होतं. दोष कुणाचाच नव्हता, म्हणून राग कुठं ठेवू ते कळेना. तुझ्या दारात नेऊन ठेवला.

किल्ली परत पाठवते आहे. ती तुझ्याकडे राहू दे. पाहुणे तुझ्याकडे उतरणार तर ताटं लागतील. सासूबाईंची मोठी चारही घे. घासायला चिंच घे असं आता सांगत नाही.

गुरुवारी, २८ तारखेला, आम्ही येतो. चेतना, बाळ आणि मी. गोरेगावला बस बदलून दुपारपर्यंत गावात पोचू. बारसं गावात करायचं म्हणते चेतना. मुलीच्या आत्या इथं नाहीत, तेव्हा कानात नाव कुणी सांगायचं यावर ती म्हणाली, "काकू सांगेल." मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. बरं, म्हटलं.

शपथेचं काय, असं तू विचारशील. गावासमोर घेतली होती, गावासमोर मोडते. बसथांब्यावरून सरळ तुझ्या दारात येईन, माझ्या दारात नंतर. बाळ माझ्या हातात असेल, म्हणून कडी वाजवणार नाही. मंजू, म्हणून हाक मारीन. शेजारणी बाहेर येतील एवढ्या मोठ्यानं मारीन. ऐकू आलं नाही असं करू नकोस.

चहा ठेव. मी परत पाठवणार नाही. पण चांगला झाला तरी चांगला म्हणणार नाही, तेवढं अजून माझ्याच्यानं होणार नाही. दोन कप घेईन. त्यावरून समजून घे.

रुख्मा